चार म्हणजे चार

चिंधी जास्त पाणी प्यायला लागली तेव्हा मावशीला आधी बरंच वाटलं होतं. कुत्री म्हातारी, दिवस उन्हाचे; पाणी पोटात गेलेलं चांगलंच. पण पुढे एक वाडगं पुरेना, मग दोन पुरेनात, आणि खाणं तर असं की ताटली चाटून झाल्यावर ती ताटलीखालची फरशीही चाटायची. एवढं खाऊन अंगावर मात्र बरगड्या मोजून घ्याव्यात. शेवटी एका सकाळी तिने गिऱ्हाइकाच्या नव्याकोऱ्या पडद्यांच्या घडीवरच ओलं करून ठेवलं आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा अपराध्यासारखी शिलाई मशीनखाली जाऊन बसली. मावशीने पडदे भिजत घातले, हात धुतले आणि चपला पायात सरकवल्या.

"कुठे निघालीस?" आतल्या खोलीतून वन्संनी विचारलं.

"डॉक्टरकडे."

"तुला काय झालं?"

"मला नाही. चिंधीला."

वन्सं नुसतं "हूं" म्हणाल्या. पण त्या एका हुंकारात 'माझ्यासाठी कधी अशी धावली नाहीस' हे सगळं नीट घडी घालून ठेवलेलं होतं.

घर म्हणजे तीन खोल्या एकीमागे एक. रस्त्याच्या बाजूच्या खोलीत शिलाई मशीन, कापायचं टेबल, दोरीवर टांगलेले लोकांचे कोट आणि झगे. मधल्या खोलीत दोन पलंग. मागे स्वयंपाकघर. मावशी नवे कपडे क्वचित शिवायची. तिचं काम म्हणजे जुन्याला नीट करणं. कुणाची कंबर वाढली, कुणाची मुलगी उंच झाली, कुणाचं अस्तर फाटलं, की आणा मावशीकडे. आणि जे थोडे कपडे तिने स्वतः बेतलेले असत, ते दहा वर्षांनीही वाढवता येत, कारण शिवणीच्या आत ती नेहमीपेक्षा बोटभर जास्त कापड सोडायची. "कमी पडलं तर कापड वाढत नाही," ती म्हणायची. "जास्त असलं तर दुमडता येतं." चाळीस वर्षं ह्या एका वाक्यावर तिचा हात चालला होता आणि कधी चुकला नव्हता.

चिंधी आली तीसुद्धा कापडातूनच. शर्टांच्या कारखान्यातून मावशी चिंध्यांचं पोतं आणायची, गोधडीसाठी. अकरा वर्षांपूर्वी असंच एक पोतं सोडलं, तर आत मुठीएवढं पिल्लू. नाव ठेवायला वेगळा विचार करावा लागला नाही.

आणि वन्सं म्हणजे मावशीच्या नवऱ्याची थोरली बहीण. लग्न केलं नाही. तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये "थांबा, जोडते" म्हणण्यात घालवली, आणि निवृत्त झाल्यावर भावाकडे राहायला आल्या. भाऊ गेला, तरी त्या राहिल्या. दोघींचं जमायचं असं नाही, पण एकमेकींवाचून चालायचंही नाही. वन्संना साखरेचा आजार होता, पंधरा वर्षांपासूनचा. गोळ्या घेत, पथ्य पाळत. म्हणजे मावशी बघत असली की पाळत.

जनावरांच्या डॉक्टरीणबाई दोन वळणांपलीकडे बसत. वयाने तरुण, पण बोलणं शाळेतल्या कडक बाईंसारखं. त्यांनी चिंधीला जमिनीवरच्या काट्यावर उभं केलं. नऊ किलो. दोन वर्षांपूर्वी ती बारा होती. मग कानाच्या कडेला बारीकशी सुई लावून थेंबभर रक्त घेतलं, छोट्या यंत्रात घातलं आणि आकडा मावशीपुढे धरला. चारशे ऐंशी.

मावशीला तो आकडा कळायला वेळ लागला नाही. घरात एक साखरेचं माणूस होतंच.

डॉक्टरीणबाईंनी मग सगळं सांगितलं. कुत्र्यांना गोळ्यांनी भागत नाही. इन्सुलिन टोचावं लागतं, दिवसातून दोनदा, बरोबर बारा तासांनी. आधी खाणं, तेही रोज तेच आणि मोजून. ताटली रिकामी झाली की मग सुई. खाल्लं नाही तर सुई द्यायची नाही, आधी फोन करायचा. इन्सुलिन फ्रिजमध्ये, बाटली खळखळवायची नाही, तळहातांत हळूच फिरवायची. सिरिंजा मी देईन त्याच वापरायच्या, माणसांच्या नाहीत, कारण रेघा वेगळ्या असतात. सुरुवातीला चार युनिट. चार म्हणजे चार. आणि कधी साखर फार उतरली, कुत्री लटपटायला लागली, तर बोटाने मध किंवा साखरेचं घट्ट पाणी हिरड्यांना चोळायचं आणि तशीच इकडे घेऊन यायची.

एवढं सांगून त्यांनी आवाज खाली घेतला. हिचं वय आहे, त्या म्हणाल्या. महिनाभर बघू. महिन्याने साखर ताब्यात आली तर ही आणखी दोन-तीन वर्षं चांगली काढेल. नाही आली, कधी वर कधी खाली होत राहिली, तर तिचे हाल होतील, आणि मग तिला शांतपणे जाऊ देणंच बरं. पण आधी एक सांगा. सकाळी सात आणि संध्याकाळी सात, रोज, तिच्या शेवटच्या दिवसापर्यंत. जमेल?

मावशीने चिंधीकडे पाहिलं. चिंधी टेबलाचा पाय हुंगत होती.

"रोजचं असेल तर जमेल," मावशी म्हणाली. "अधूनमधूनचं मला जमत नाही."

खोटं नव्हतं ते. नवरा गेल्यापासून चौदा वर्षं तिचा एक नेम होता. उठावं, अंघोळ करावी, देवापुढे दिवा लावावा, आणि ज्योत स्थिर होईपर्यंत तोंडातून शब्द काढू नये. तापात, पाहुण्यांतही तिने तो सोडला नव्हता. नेमाला नेम जोडायचा, एवढंच.

घरी आल्या आल्या तिने पहिलं काम केलं ते स्वयंपाकघरात. साखरेचा डबा उपडा करून शेजारणीला दिला, गुळाचा खडा दिला, बिस्किटं दिली. मुरंब्याची बरणी तर वन्संच्या डोळ्यांदेखत गेली. रिकामा डबा घासून, पुसून तिने त्यात बटणं भरली. ह्या घरात आता दोन साखरवाल्या आहेत, ती म्हणाली. तेव्हा गोड नावालाही नको.

"पंधरा वर्षं मला साखर आहे," वन्सं म्हणाल्या. "तेव्हा डबा हलला नाही. कुत्रीला झाली तर घर धुऊन काढलंस. कानामागून आली नि तिखट झाली म्हणतात, ती ही. म्हणजे गोड झाली."

"तुम्ही ऐकत नाही. ती ऐकते."

"ती ऐकते कारण तिला फ्रिज उघडता येत नाही."

संध्याकाळी वन्संनी शांतपणे तिला समजावायचाही प्रयत्न केला. अकरा वर्षं म्हणजे कुत्र्याला पुरे झाली. दोन वेळा सुया टोचत बसण्यापेक्षा देवाने नेलं तर तिचीही सुटका आणि तुझीही. मावशीने ऐकून घेतलं. मग म्हणाली की देवाला न्यायचं असेल तेव्हा तो माझ्या परवानगीला थांबणार नाही. तोवर सात आणि सात. वन्संनी पलंगावर कूस बदलली. बोलणं तिथे संपलं.

सुईचा हात मात्र मावशीचा असा बसला की डॉक्टरीणबाईही बघत राहिल्या. लोक आधी संत्र्यावर शिकतात. हिला संत्रं लागलंच नाही. मानेमागची सैल कातडी चिमटीत धरायची, तंबूसारखी चूण उभी करायची आणि त्या चुणीच्या पायथ्याशी सुई घालायची. मावशीने आयुष्यात लाखभर चुण्या घातल्या होत्या. चिंधी ताटलीतला शेवटचा दाणा शोधत असे, तोवर काम झालेलं असे.

सातची वेळ सगळ्या गल्लीला पाठ झाली. संध्याकाळी सात वाजायला पाच मिनिटं असली की मशीन थांबायचं. समोर गिऱ्हाईक उभं असलं, टाचण्या लावलेल्या अर्ध्या झग्यात एखादी बाई उभी असली, तरी मावशी म्हणायची, "बसा पाच मिनिटं, औषधाची वेळ झाली." बाया विचारायच्या, कुणाचं औषध? वन्सं आतून उत्तर द्यायच्या, "मालकिणीचं."

इथपर्यंत सगळं छान होतं. बिघडलं ते हाताच्या सवयीने.

पहिल्या आठवड्यात एका सकाळी सुई बाहेर काढताना एक थेंब चिंधीच्या केसांवर ओघळला. मावशीने बोट लावून वास घेतला, औषधच. म्हणजे चार युनिट पूर्ण गेलंच नाही. आता किती गेलं असेल? तीन? साडेतीन? दिवसभर तिच्या मनाला ते टोचत राहिलं. संध्याकाळी तिने सिरिंजमध्ये चारच्या रेघेवर अगदी केसभर जास्त ओढलं. सांडलं तर त्यातलं सांडेल. दुसऱ्या दिवशी तो केस रेघेएवढा झाला. तिने ठरवून काही केलं नाही. चाळीस वर्षं जो हात बोटभर सोडून कापत आला, तोच हात सिरिंजच्या नळीत एक रेघ सोडू लागला, इतकंच. कमी पडायला नको, एवढाच विचार त्यामागे होता, आणि तोही विचार म्हणावा असा नव्हता.

त्यात पंधरा दिवसांनी तपासलं तर साखर छान उतरलेली. चिंधी पाणी कमी प्यायला लागली होती, पडद्यांना धोका राहिला नव्हता, वजन अर्धा किलो वाढलेलं. डॉक्टरीणबाई खूश झाल्या. असंच चालू ठेवा, चार युनिट, त्या म्हणाल्या. मावशीने मान हलवली. रस्त्याने येताना ती मनाशी म्हणाली, बघ, हाताला कळतं. आणि हाताला कळतं म्हटल्यावर हात आणखी मोकळा झाला. तिसऱ्या आठवड्यात चारच्या वर दोन रेघा जात होत्या.

त्या दिवशी सकाळचे अकरा वाजले असतील. मावशी एका कोटाची चेन बदलत होती. चिंधी मधल्या खोलीतून आली आणि मशीनच्या पायावर आपटली. मावशीला वाटलं, डोळे. तिच्या डोळ्यांवर अलीकडे निळसर साय धरू लागली होती. ह्या आजारात असं होतं, हे डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतंच. "सावकाश ग बाई," ती म्हणाली आणि पुन्हा चेनकडे वळली. चिंधी वळली. तिचे मागचे पाय एकमेकांत अडकले. ती उठली, परत बसली, आणि चिंध्यांच्या ढिगावर आडवी होऊन थरथरायला लागली. तोंडातून लाळ गळत होती.

वन्सं दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या.

"तिची साखर उतरलीय," त्या म्हणाल्या.

"काय?"

"उतरलीय म्हणते. मला होतं तेव्हा अस्संच होतं. गोड दे काहीतरी, लवकर."

मावशी स्वयंपाकघरात धावली. हिरड्यांना मध किंवा साखरेचं पाणी. हात आपसूक फळीवरच्या साखरेच्या डब्याकडे गेला, झाकण निघालं, आणि आत बटणं. पांढरी, काळी, चार भोकांची, दोन भोकांची. तिने शेजारचा डबा उघडला, त्याच्या मागचा उघडला. मीठ, पीठ, डाळ. तिने स्वतःच्या हाताने घरातून गोडाचा कण न् कण बाहेर काढला होता, आणि आता तीच त्या फळीपुढे उभी होती. शेजारीण ह्या वेळी कामावर. कोपऱ्यावरचं दुकान म्हणजे जाऊन येऊन दहा मिनिटं. 

बाहेरच्या खोलीत परत आली तर वन्सं चिंध्यांच्या ढिगाशी गुडघ्यांवर बसल्या होत्या. ज्या गुडघ्यांपायी त्या सहा महिने खाली वाकल्या नव्हत्या, त्याच गुडघ्यांवर. हातात मधाची बाटली, अर्धी संपलेली, आत चमचा तसाच उभा.

"ही कुठून आली?"

"उशीच्या खोळीतून. नंतर बोल मला. आधी बोट बुडव."

मावशीने बोट बुडवलं. चिंधीचा ओठ वर केला आणि हिरड्यांवर मध चोळला; वरच्या, खालच्या, पुन्हा वरच्या. घशात ओतायचा नाही, ठसका लागेल, हे तिला आठवलं. वन्संनी कुत्रीचं डोकं मांडीवर घेतलं होतं आणि त्या अगदी हलक्या आवाजात, टेलिफोनवर बोलत तशा, म्हणत होत्या, "थांबा हं, जोडते. जोडते आत्ता."

किती वेळ गेला कुणास ठाऊक. चिंधीने जीभ बाहेर काढली आणि मावशीचं बोट चाटलं. एकदा, मग पुन्हा. मग तिने वन्संच्या हातातल्या बाटलीकडे नाक वळवलं.

कापायच्या टेबलावरची जाड चादर काढून तिच्यात चिंधीला गुंडाळलं आणि दोघी निघाल्या. मावशी पुढे, कुत्री छातीशी. वन्सं मागून, एका हातात काठी, दुसऱ्या हातात मधाची बाटली.

दवाखान्यात आकडा आला अठ्ठावन्न. तोही मध पोटात गेल्यावर. डॉक्टरीणबाईंनी चिंधीला थोडं खायला घातलं, ती नीट उभी राहीपर्यंत तिच्यावर नजर ठेवली, अर्ध्या तासाने पुन्हा थेंब घेतला. आकडा वर आला होता.  मग खुर्ची ओढून मावशीसमोर बसल्या.

सकाळी खाल्लं होतं? ताटली चाटून. उलटी, जुलाब, जास्त धावपळ? काही नाही. डॉक्टरीणबाईंनी कपाळ चोळलं. त्या म्हणाल्या की चार युनिट म्हणजे काही फार नाही. तेवढ्यावर जर हिची साखर इतकी उतरत असेल तर ती ताब्यात ठेवणं अवघड दिसतं. आज उतरली, उद्या चढेल. पुढच्या वेळी घरात कुणी नसलं तर? आपलं पहिल्या दिवशी जे बोलणं झालं होतं, त्याचा विचार आता करावा लागेल, मावशी.

 चिंधी मावशीच्या पायाशी, तिचं जड डोकं चपलेवर टेकलेलं. एक वाक्य बोललं की सुटणार होतं, पण ते वाक्य म्हणजे स्वतःचं माप चुकल्याची कबुली. चाळीस वर्षांत तिला कुणी माप चुकलं म्हणून म्हटलं नव्हतं. लोक तिच्याकडे दुसऱ्या शिंप्यांच्या चुका घेऊन येत.

"चार नव्हतं," ती म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी वर पाहिलं.

"चार, आणि वर दोन. म्हणजे सहा. आधी थोडं जास्त घेत होते, मग एक, ह्या आठवड्यात दोन. सांडलं तर कमी पडू नये म्हणून. आमच्या कामात असंच असतं. कमी पडलेलं कापड वाढत नाही."

 वन्संनी काठीची मूठ एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. 'अति तिथे माती' ही म्हण त्यांच्या अगदी ओठांवर आली होती, हे मावशीला त्यांच्याकडे न बघताही कळलं. पण वन्संनी ती गिळली.

"मावशी," डॉक्टरीणबाई शेवटी म्हणाल्या, "कमी पडलं तर मला आठवड्याने वाढवता येतं. जास्त गेलेलं मला परत काढता येत नाही."

मावशीने ते वाक्य मनात एकदा उलटं करून बघितलं, मग सुलटं. "म्हणजे हे कापड उलटं आहे," ती म्हणाली.

"अगदी उलटं."

डॉक्टरीणबाईंनी तिच्या हातात रिकामी सिरिंज आणि पाण्याची बाटली दिली. दाखवा, कसं ओढता. मावशीने ओढलं. दट्ट्याची कड चारच्या वर गेली, गेलीच, सवयीने. तिने ती परत खाली आणली, हवेचा बुडबुडा बाहेर काढला, चष्मा कपाळावर सरकवून नळी डोळ्याजवळ धरली. काळी कड बरोबर रेघेवर. हे तिने पाच वेळा केलं. पाचव्यांदा डॉक्टरीणबाईंनी मान हलवली. थेंब सांडला तर सांडू दे, त्या म्हणाल्या. वर भर घालायची नाही, मला फोन करायचा. आज संध्याकाळी सुई नाही. उद्या सकाळपासून चार. खरे चार. आणि मधल्या आठवड्यांचे आकडे आता कुणाच्याच कामाचे नाहीत, तेव्हा महिना उद्यापासून नव्याने मोजायचा.

म्हणजे महिना होता अजून. मावशीने चादर आवरली.

निघताना डॉक्टरीणबाईंचं लक्ष वन्संच्या हाताकडे गेलं. "मध घरात ठेवलात हे फार बरं केलंत. कुणाचा हा?"

"कुत्रीचा," वन्सं म्हणाल्या. त्यांची पापणीही हलली नाही.

दुसऱ्या दिवशी मावशी नेहमीसारखी उठली. अंघोळ झाली, दिवा लागला. ज्योत स्थिर झाली तरी ती तिथून उठली नाही. सात वाजले. चिंधीने ताटली रिकामी केली आणि सवयीने मान पुढे करून बसली. मावशीने फ्रिजमधून बाटली काढली, तळहातांत फिरवली, सिरिंज हातात घेतली, आणि हात थरथरायला लागला. तिने तो टेबलावर टेकवला. तरी थरथरत होता. चाळीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. सुईला घाबरलेली शिंपीण म्हणजे पाण्याला घाबरलेला मासा.

"मी टोचू?" मागून वन्सं म्हणाल्या. "माझा हात बघ, तुझ्याहून छान थरथरतो. सुई कुत्रीला लागेल की भिंतीला, ते आपण दोघी मिळून बघू."

मावशी हसली नाही. म्हणाली, "पुन्हा चुकले तर?"

वन्सं पलंगाच्या कडेवर टेकल्या. मग त्यांनी एक जुनी गोष्ट काढली. भाऊ गेल्यानंतरच्या पहिल्या वर्षी वादळात खिडकी उघडली आणि तुझा दिवा विझला, आणि दचकून तुझ्या तोंडून शब्द निघाला, आठवतं? तू दिवसभर रडत होतीस, की नेम मोडला. दुसऱ्या दिवशी काय केलंस?

"लावला."

"मग लाव."

मावशीने कापायच्या टेबलावरचा पांढरा कागद उचलून खिडकीला टेकवला, म्हणजे रेघा उठून दिसाव्यात. सिरिंज त्याच्यापुढे धरली. हात थरथरत होता तोवर थांबली. घाई नव्हती, सात वाजून चारच मिनिटं झाली होती. मग ओढलं. कड चारवर आली. हात अजून पुढे जायला बघत होता. तिला तो ओढा बोटांत स्पष्ट जाणवला, जसं कात्रीला कापड पुढे ओढतं. तिने अंगठा रोखून धरला. एक क्षण, दोन क्षण. कड चारवरच राहिली.

"वन्सं, बघा."

वन्संनी चष्मा लावला, नळी पाहिली. "चार," त्या म्हणाल्या. "केसभरही नाही वर."

चूण उभी राहिली, सुई गेली, चिंधी फरशीवर शेवटचा दाणा शोधायला लागली.

त्यानंतर रोज असंच. मावशी ओढायची, वन्संना दाखवायची, वन्सं आकडा म्हणायच्या. पहिले काही दिवस वन्सं हे उपकार केल्यासारखं करत होत्या. मग सातला पाच कमी असताना आपणच चष्मा पुसून बसायला लागल्या, आणि तिथेच बसल्या बसल्या स्वतःची गोळीही घेऊ लागल्या. ते मावशीने पाहिलं, पण बोलली नाही. बोललं की बिघडतं, हे ती जाणून होती.

आठवड्याने साखर थोडी चढलेली निघाली. खऱ्या चारने पुरत नव्हतं. पण डॉक्टरीणबाई शांत होत्या. त्यांनी कागदावर लिहून दिलं: पाच. पुढच्या आठवड्यात आकडा खाली आला, त्यापुढच्या आठवड्यात तिथेच राहिला. महिना पुरा झाला त्या दिवशी चिंधीला सकाळीच दवाखान्यात नेऊन ठेवलं आणि दर दोन तासांनी तिच्या कानाचा थेंब घेतला. संध्याकाळी डॉक्टरीणबाईंनी सगळे आकडे एका ओळीत मांडून दाखवले. जास्तीत जास्त दोनशे दहा, कमीत कमी एकशे दहा. वजन दहा किलो. डोळ्यांवरची साय आता दाट झाली होती आणि ती ओसरणार नव्हती. ते त्यांनी लपवलं नाही. पण दुसऱ्या कुठल्या गोष्टीचा विचार करायची आता गरज नाही, त्या म्हणाल्या. मावशीने पदराने चष्मा पुसला. बराच वेळ पुसला.

घरी येताना वन्सं काठी टेकत म्हणाल्या, "शेवटी पाचच लागले की. म्हणजे तुझी ती वरची एक रेघ बरोबरच होती."

"तेव्हा ते कुणाला माहीत नव्हतं, वन्सं," मावशी म्हणाली. "आज माहीत आहे."

चिंधी त्यांच्या मधून चालत होती, मावशीच्या चपलेचा आवाज धरून. वळणावर क्षणभर थांबली, हुंगलं, आणि बरोबर घराकडे वळली. सात वाजायला वीस मिनिटं होती.

आता स्वयंपाकघरातल्या फळीवर, बटणांच्या डब्याशेजारी, मधाची नवी बाटली असते, हाताला पटकन येईल अशी. पहिल्याच दिवशी मावशीने मध जिथवर होता तिथे बाटलीला लाल दोरा गुंडाळून गाठ मारली. वन्संनी तो दोरा पाहिला आणि त्यांच्या भुवया वर गेल्या.

"माझ्यावर विश्वास नाही वाटतं?"

"आहे ना," मावशी सिरिंज खिडकीसमोर धरत म्हणाली. "पण रेघ म्हणजे रेघ. बघा, किती झाले?"

वन्संनी बाटलीकडे एकदा पाहिलं, मग चष्मा लावला.

"पाच," त्या म्हणाल्या.